सगळ्यांना वजा तीन

पाचशे बारा ओळींचं कोष्टक मी बारा वर्षांपूर्वी हातानं टाइप केलं होतं. तीन आठवडे लागले. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला कॅल्क्युलेटर, आणि मान अशी आखडली की बायकोनं महिनाभर बाम चोळला. ते कोष्टक आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरीनं एका दुपारी काढून टाकलं. सगळं सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं आणि मला म्हणाली, "सर, आता ह्याची गरज नाय." वर हसली पण. ते हसणं माझ्या असं डोक्यात गेलं की काय सांगू!

आमचा कारखाना चिकलठाण्याला आहे, लहानसाच. दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर आम्ही बनवतो. गावात दूध संकलन केंद्र असतं, तिथं स्टीलची टाकी, टाकीला एक सेन्सर आणि बाहेर आमचा कंट्रोलर. आम्ही त्याला डबा म्हणतो. सेन्सर डब्याला तापमान सांगत नाही, नुसता एक आकडा देतो. त्या आकड्याचे अंश किती, ते डबा कोष्टकात बघतो. दूध चार अंशांवर आलं की कॉम्प्रेसर बंद, चढायला लागलं की सुरू. एवढंच काम, पण त्याचा सगळा जीव कोष्टकात, आणि कोष्टक माझं होतं.

मालक जुन्या शहरातले. त्यांच्या वडलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. पहिल्या वर्षापासून ते मला उस्ताद म्हणतात. त्यांचं ऐकून अख्खा कारखाना म्हणतो, चहावालासुद्धा. खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडतं.

ती पोरगी लासूर स्टेशनची. रोज सकाळी रेल्वेनं यायची आणि मुकुंदवाडीला उतरायची. वडील तिकडच्या मोंढ्यात मापाडी, शेतकऱ्यांच्या मालाची वजनं करणारे. वय तेवीस, अंगानं काटकुळी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलेली. मला सर म्हणायची. उस्ताद कधी म्हणाली नाही, आणि हेसुद्धा मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

तिनं केलं काय, ते सांगतो. आम्ही लिहितो तो कोड कंपाइलर नावाचा प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत उतरवतो. सी प्लस प्लसमध्ये अशी सोय आहे की काही गणितं हा कंपाइलर उतरवता उतरवताच सोडवून टाकतो. उत्तरं पक्की होऊन चिपमध्ये जाऊन बसतात. डबा चालू होण्याआधीच, आपल्या टेबलावरच, सगळं ठरलेलं. तिनं सेन्सरचं सूत्र लिहिलं आणि पाचशे बाराच्या पाचशे बारा किमती कंपाइलरकडून काढून घ्यायच्या असं ठरवलं. टायपिंग नाही, चूक नाही, बाम नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली, "दोन दिवसांत करते." मी गप्प बसलो. कारण त्या सूत्रात लॉगॅरिदम लागतो, आणि आमचा कंपाइलर लायब्ररीतलं लॉगचं फंक्शन अशा आगाऊ गणितात वापरू देत नाही, हे मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी मीच गुपचूप प्रयत्न करून तोंडावर पडलो होतो. हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, आपटू दे.

बुधवारी तिच्या स्क्रीनवर लालच लाल. कंपाइलर म्हणत होता की हे स्थिर मूल्य नाही, हे मला आधी ठरवता येणार नाही. मी मुद्दाम तिच्या टेबलावरून दोनदा पाणी प्यायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती वहीत बेरजांची एक लांब मालिका लिहीत होती. लॉग मिळत नाही ना, मग तिनं तो साध्या बेरीज-गुणाकारात स्वतःच बांधला. दुपारपर्यंत लाल गेलं. दुसरं आलं, तेवढ्यापुरता मला धीर आला. कंपाइलर आता म्हणत होता, इतक्या पायऱ्यांचं गणित मी सोडवत बसणार नाही. त्यालाही मर्यादा असते, अमुक एवढ्या पायऱ्या झाल्या की तो काम सोडून देतो. तिनं कोष्टकाचे आठ तुकडे केले. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. झालं!

शुक्रवारी मालकांनी तिचं नवं कोष्टक माझ्या जुन्याशी ताडून बघितलं. माझ्या कोष्टकात दोन ओळी चुकलेल्या निघाल्या. बारा वर्षं कुणाला दिसल्या नव्हत्या. फार नाही, अंशाचा दहावा भाग असेल, पण चूक ती चूक. मालक खूश होऊन म्हणाले, "क्या बात है बेटा! ही तर उस्तादाची उस्ताद निघाली की!" सगळे हसले. मीही हसलो. आतून माझी काय आग आग झाली ते मलाच माहीत.

घरी येऊन मी बायकोला तासभर सुनावलं. आजकालच्या पोरांना हातानं काही करायला नको, सगळं आयतं पाहिजे, वगैरे. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जळताय व्हय हो?" मी म्हटलं, कोण, मी? त्या कालच्या पोरीवर? ती म्हणाली, "मग मेथी तरी निवडा. देठ कुस्करू नका." मी ताट सरकवून उठलो.

पण नुसत्या कौतुकावर भागलं असतं तर मी गिळलंही असतं. त्या वर्षी मोठ्या टाकीचा नवा कंट्रोलर काढायचा होता. जुन्या डब्याच्या चौपट काम, आणि ते कुणाच्या हाताखाली चालणार हे मालक प्रोबेशनचे सहा महिने संपताना ठरवणार होते. पूर्वी प्रश्नच नव्हता. आता मालक जेवताना तिला विचारायचे, "बेटा, मोठ्या टाकीला हे कसं करता येईल?" मी समोर बसलेला, जेवणाचा डबा उघडून, आणि विचारतायत तिला. बावीस लोकांच्या कारखान्यात असली गोष्ट लपत नाही. चहावाल्यानं एक दिवस कप आधी तिच्यापुढं ठेवला. कपाचं ते काय घेऊन बसायचं, पण मी दिवसभर तेच घेऊन बसलो.

आता माझी खरी गोष्ट सांगायला हवी. ती मी बायकोलाही सांगितलेली नव्हती.

कोष्टक कितीही अचूक असलं तरी प्रत्येक सेन्सर थोडा वेगळा असतो. म्हणून आमच्याकडं रीत अशी होती की डबा तयार झाला की त्याचा सेन्सर वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दहा मिनिटं थांबायचं. तिथं शून्य दिसायला पाहिजे. जेवढा फरक दिसेल तेवढी दुरुस्ती त्या डब्याच्या मेमरीत टाकायची, शीटमध्ये लिहायची आणि सही करायची. अंशाचा दहावा भाग आमचं माप, म्हणून वजा तीन म्हटलं की शून्य पूर्णांक तीन दशांश अंशानं खाली. हे काम माझं. बर्फ मी आणायचो, सेन्सर मीच धरायचो. उस्तादाचा हात म्हणून लोक वाखाणायचे ते ह्याच कामासाठी.

दोन वर्षांपूर्वी सेन्सरचा एक लॉट लई चांगला आला. पहिला डबा वजा तीन. दुसरा वजा तीन. तीस डबे केले, तिसांना वजा तीन. एकतिसाव्याला मी बर्फात हात घातला नाही. नुसतं लिहिलं. मग बत्तिसाव्याला. पुढं बर्फ आणायचं बंद केलं. बादली टेबलावर ठेवायचो, त्यात साधं पाणी. दोन वर्षं मी सगळ्यांना वजा तीन लिहीत होतो, सही करत होतो आणि उस्ताद म्हणवून घेत होतो.

एका सकाळी ती पोरगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आली. "सर, दोन वर्षांची शीट बघितली. सगळ्या डब्यांना दुरुस्ती वजा तीनच आहे. एकसुद्धा वेगळी नाय. मग डबा दर वेळी मेमरीतून कशाला वाचतो? हाही कॉन्स्टंटच करू का? कोडमध्येच पक्का?"

ह्याचं बरोबर उत्तर मला येत होतं, आणि त्या कारखान्यात ते माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. लॉग तिनं बांधला, पायऱ्यांची मर्यादा तिनं ओलांडली, पण ही गोष्ट कुठल्याच युक्तीनं आधी ठरत नाही. सेन्सर हातात आल्यावर, बर्फात बुडवल्यावरच ती कळते. कंपाइलरनं कुठं बर्फ बघितलाय! एवढंच तिला सांगायचं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग सर, शीटमध्ये सगळे सारखे कसे?

आणि दुसरंही होतं, तेही कबूल करतो. मला वाटलं, करू दे. ही पोरगी एकदा तरी चुकली पाहिजे.

"शीट तुझ्या समोरच आहे की," मी म्हटलं.

"व्हय, पण तुम्हाला काय वाटतं?"

"आकड्यांपुढं मला काय वाटायचं?"

तिनं मान हलवली. पण ती मापाड्याची पोर, नुसत्या शीटवर सोडलं नाही तिनं. दोन वर्षांचे सगळे आकडे कोडमध्ये घातले आणि कंपाइलरला सांगितलं की ह्यातला एकही वजा तीनपेक्षा वेगळा निघाला तर पुढं जाऊच नको. कंपाइलरनं एकूण एक तपासले आणि हिरवा कंदील दाखवला. तो तरी काय करणार? माझ्या सहीचे आकडे त्यानं खरे मानले. मग ती म्हणाली, "तरी पण सर, बर्फाची तपासणी चालूच ठेवा. वेगळा आला की मला सांगा, मी परत मेमरीवर नेते." मी म्हटलं, "सांगतो ना." आणि तिच्या बदलावर 'पाहिलं, बरोबर आहे' अशी नोंद टाकली.

त्यानंतर खरेदीवाल्यांनी सेन्सरचा पुरवठादार बदलला. मला कळलं होतं. नव्या सेन्सरची वायर काळ्याच्या जागी करडी होती, ती रोज माझ्या हातातून जात होती. मी वजा तीन लिहीत राहिलो.

एप्रिलमध्ये गंगापूर तालुक्यातल्या एका केंद्रावरून फोन आला, दूध नासतंय. मालकांनी आम्हा दोघांना जीपनं पाठवलं. तिनं वाटेत बर्फ घेतला, थर्मासात भरून. मी विचारलंही नाही कशाला.

केंद्र चालवणारी बाई दारातच उभी होती. चाळिशीची असेल. पदर खोचलेला, आवाज खणखणीत. "या, या साहेब! बघा तुमच्या मशिनीचे प्रताप. हिच्यावर चार दिसतंय, अन् दूध डेरीवाल्यानं तीनदा माघारी धाडलं. गावातल्या बाया माझ्या तोंडावर म्हणत्यात, तूच पाणी घातलं असशील. वीस वर्षं केंद्र चालवते मी, आजपोहत कुणी असं बोललं नव्हतं!" मागं ओट्यावर आंबलेल्या दुधाचा वास होता. मी टाकीचं झाकण बघत उभा राहिलो, दुसरं काय करणार.

पोरीनं सेन्सर काढला, थर्मासातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि घड्याळ लावून बसली. दहा मिनिटं झाली. डब्यावर शून्य यायला पाहिजे होतं. उणे दोन पूर्णांक चार आलं. म्हणजे डबा चार दाखवायचा तेव्हा दूध साडेसहाच्या आसपास असायचं. आणि दुरुस्ती कोडमध्येच पक्की केलेली, त्यामुळं तिथल्या तिथं बदलताही येईना. तिनं बाईला डब्यावर दीड अंश लावून ठेवायला सांगितलं, नवा डबा आठवड्यात आणून देते म्हणाली, आणि जमलेल्या बायांना स्वतः उभं राहून सांगितलं, "मावशी, ह्यांची काही चूक नाय. चूक आमच्या मशिनीची आहे."

जीपमध्ये मी म्हटलं, "तिथल्या वायरमननं सेन्सर बदलला असेल." ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर ती स्टोअरमध्ये जमिनीवर बसलेली. समोर पंधरा डबे आणि बर्फानं भरलेली बादली. वहीत आकडे लिहिलेले. अधिक पाच, उणे अकरा, अधिक दोन, उणे एकोणीस. कुठलाच दुसऱ्यासारखा नाही. बाजूला माझी शीट उघडी, त्याच पंधरा डब्यांची, पंधराच्या पंधरा ठिकाणी माझ्या अक्षरात वजा तीन आणि माझी सही. तिनं मान वर केली. मी म्हटलं, "झालं का?" ती म्हणाली, "व्हय सर, झालं." शीट मिटून तिनं माझ्या हातात दिली. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मीटिंग. मालकांचा चेहरा उतरलेला होता. तिचे सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते. "किसकी गलती है?" त्यांनी विचारलं. मी तिच्याकडं बघितलं. वही तिच्या मांडीवर होती. आता ती उघडणार आणि मी संपणार, असं मी धरून चाललो होतो.

"माझी सर," ती म्हणाली. "जे डबा हातात आल्यावर मोजायचं असतं, ते मी आधीच कोडमध्ये पक्कं करून टाकलं. नुसत्या आकड्यांवर विसंबले, स्वतः मोजलं नाही. कोड आता बदललाय, प्रत्येक डबा स्वतःची दुरुस्ती मेमरीतून वाचेल. गेलेले सगळे डबे मी जाऊन बदलून येते."

मालक तिला म्हणाले की हुशारी आहे, पण घाई लई आहे. प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवतो. आणि मोठ्या टाकीचं काम उस्तादांकडं.

मला पाहिजे होतं ते सगळं त्या एका मिनिटात मिळालं. खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग तिनं वही पिशवीत टाकली, न उघडता, आणि मला काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"साहेब, तिची चूक नाही. शीटमधले आकडे माझे होते. मी मोजलेच नव्हते. दोन वर्षं मी बर्फात हात घातला नाही."

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालकांनी चष्मा काढला. डोळे पाणावल्यासारखे झाले होते त्यांचे. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "देख बेटा. ह्याला म्हणतात उस्ताद. तुला वाचवायला स्वतःवर घेतायत. बर्फात हात नाही घातला म्हणे! अरे, ह्या माणसाचे हात बर्फानं सुन्न झालेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत." कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडं बघत होती, मी पुढं काय बोलतो म्हणून. पुन्हा सांगायला पाहिजे होतं. शीट माझ्या ड्रॉवरमध्ये होती, पंधरा डबे खाली स्टोअरमध्ये होते. दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. चहा आला. मी कप घेतला.

मीटिंग सुटल्यावर ती जिन्यात भेटली. पिशवी खांद्याला, खाली चालली होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. "बोललात पण. फक्त अजून एकदा म्हणायचं व्हतं ना, सर."